दुहेरी मलमलीतून गाळलेली नाशपती

दुपारची भांडी आटोपली की आमच्या इमारतीत एक आवाज सुरू व्हायचा. लाकडी चमच्याची पाठ स्टीलच्या गाळणीवर घासल्याचा. खर्र, खर्र, खर्र. आणि मध्येच बंद. मी तिच्या वरच्या मजल्यावर राहते. आवाज बंद झाला की माझाही हात थांबायचा, कारण मला माहीत असायचं, खाली ती चमचा तसाच धरून उभी आहे आणि कान देऊन ऐकते आहे. काय ऐकते, ते कुणी विचारत नसे. थोड्या वेळाने पुन्हा खर्र सुरू व्हायचं, आणि मी सुटल्यासारखी श्वास सोडायची.

सगळी गल्ली तिला गाळणी म्हणते. तोंडावर गाळणीआजी, पाठीमागे नुसतीच गाळणी. तिला दोन्ही माहीत आहेत आणि दोन्हींचा तिला राग नाही. राग मला येतो.

हे लिहिण्याआधी तिला विचारलं आहे. चोरून लिहायची माझी जात नाही. ज्यांच्या विरोधात पत्रकं काढली त्यांनाही आदल्या दिवशी सांगून काढली. ती म्हणाली, "लिही. पण ठेकेदाराला मध्ये घुसडू नकोस." तरी ठेकेदार यात येणारच आहे. तो नसता तर यातलं काही घडलं नसतं असं मी म्हणते. घडलं असतं, असं ती म्हणते. या एका वादावर आम्ही दोघी म्हाताऱ्या झालो.

आधी तिचं काम सांगते. नातीसाठी ती फळाचा गर करायची, रोज ताजा. नाशपती, पपई, केळं. सफरचंद कधीच नाही. नाशपती निवडताना देठाजवळ अंगठा दाबून बघायची, एकेक, पूर्ण गाडीभर. फळवाला वैतागायचा.

"आजी, फळं घेताय की त्यांची नाडी बघताय?"

"नाडीच बघते. तुझ्या गाडीवर निम्मी मेलेलीच असतात."

घरी आणून धुवायची, साल काढायची, मधला कडक गाभा कोरून टाकायची. फोडी झाकणाच्या भांड्यात ठेवून वाफवायची, पार लुसलुशीत होईपर्यंत. निवल्या की कुस्करायच्या, मग गाळणीवर घासायच्या. कुणाही आजीचं काम इथे संपतं. हिचं इथून सुरू. गाळलेला गर ती मलमलीच्या दुहेरी फडक्यात घालायची, पुरचुंडी बांधायची आणि पिळायची. मनगटाच्या शिरा वर येईपर्यंत. खाली वाटीत जे पडायचं त्याला फळ म्हणावं की खळ, मला कळत नसे. कण नाही, धागा नाही. मग त्यात ती करंगळी बुडवायची, अंगठ्यावर घासायची, डोळे मिटून. कणाचा भास जरी झाला तरी पुन्हा फडक्यात. मागे उरलेला चोथा ओट्याशी उभ्याउभ्या स्वतः खायची.

"अगं, त्या पोरीला फळ दे, फळाचं भूत कशाला देतेस?" असं मी एकदा म्हणाले.

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी जिना चढून वर निघून आले. मी कुणाच्या बघण्याने जिना चढणारी बाई नाही.

भरवताना ती सतत बोलायची. काऊ आला, चिऊ गेली, बस आली, आई आली, काहीही. भिंती पातळ, सगळं ऐकू येतं. नातीचं नाव राहू द्या, घरात तिला टिल्ली म्हणतात. "घे गं टिल्ले, आ कर गं, शाब्बास गं माझी बाई." आणि मध्येच, अगदी साध्या आवाजात, "थांब रे. आधी तिचं होऊ दे."

घरात दुसरं मूल नव्हतं.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, दारात कुणाचा मुलगा आला असेल. वाकून पाहिलं तर दार बंद. नंतर कळलं की हे नेहमीचं आहे. तिच्या लेकीलाही माहीत होतं. लेक म्हणायची, "मावशी, आमच्याकडे दादा जेवायला असतोच. त्याला वाढत नाही एवढंच." हसून म्हणायची. पण म्हणताना टेबलाखाली बघायची नाही. त्या घरात टेबलाखाली कधी काही ठेवत नाहीत, केरसुणीसुद्धा. आणि गाळणी बसायच्या आधी वाकून टेबलाखाली बघते. गुडघे गेलेत, तरी बघते.

तर आता तो दादा.

आम्ही दोघी तरुणपणी एका शर्टाच्या कारखान्यात होतो. कारखाना म्हणजे गोदामाच्या वरचा लांबच लांब हॉल, वर पत्रा. मी कॉलरवर, ती काज-बटणावर. नगावर मजुरी. ज्यांची मुलं लहान त्या बायका मुलं घेऊन यायच्या, कारण ठेवणार कुठे? तान्ही मुलं टेबलाखाली, कातरणांच्या खोक्यात. ठेकेदाराला हे चालायचं, एका अटीवर. पोराचा आवाज आला की आई घरी. त्या दिवसापुरती नाही, कायमची. त्यामुळे त्या हॉलमध्ये एवढी मुलं असून कधी मुलाचा आवाज नसायचा. नुसती मशिनं. बायका पोरांना गप्प ठेवायला काय काय द्यायच्या: साखर लावलेली चिंधी, रिकामं रीळ, लाकडी चमचा. हिने एकदा आपल्या मुलाला सफरचंदाची फोड दिली. रांगता मुलगा होता, दोन दात आलेले.

त्या फोडीचा तुकडा घशात गेला आणि मूल गेलं.

"आवाजच केला नाही गं त्याने," असं ती तेव्हा म्हणाली. पोलिसाला म्हणाली, नवऱ्याला म्हणाली, मला म्हणाली. "खाली बघितलं तर तो नुसता माझ्याकडे बघत होता." पुढची सगळी वर्षं तिने हेच एक वाक्य सांगितलं, ना शब्द कमी ना शब्द जास्त.

त्यानंतर आम्ही हॉल बंद पाडला. मशिनं थांबली, रस्त्यावर बसलो, मी पहिल्यांदा भोंग्यावर बोलले. बोलायला मला कुणी शिकवलं नाही; संताप शिकवतो. ठेकेदार पळाला, दुसरा आला, मग तिसरा. पण पाळणाघरासाठी जे भांडण तेव्हा सुरू केलं ते मी सोडलं नाही. जिथे जिथे बाया कामाला, तिथे तिथे मुलांची खोली मागत फिरले. बस डेपोतलं पाळणाघर मिळालं ते त्याच भांडणातून. मी सभेत त्या मुलाची गोष्ट सांगायची. एकदा ती मागे उभी होती. सभा संपल्यावर माझा दंड धरून म्हणाली, "माझ्या पोराला भाषणात घ्यायचं नाही. तुझा ठेकेदार त्याला भरवत नव्हता. मी भरवत होते."

मी तेव्हापासून घेतलं नाही.

त्याच्यानंतर तिला मुलगी झाली. नवरा पुढे दुसऱ्या गावी गेला आणि तिकडचाच झाला. मुलीला तिने एकटीने वाढवलं, गाळून गाळून. ती मुलगी आज बसमध्ये कंडक्टर आहे. गर्दीत तिचा आवाज मागच्या सीटपासून ड्रायव्हरपर्यंत जातो. पण जेवायला बसली की बघा. एक घास घेतला की तो चघळत बसते. तोवर बस दोन स्टॉप पुढे जाईल. डेपोतल्या बाया म्हणतात, "हिच्याबरोबर जेवायला बसलं की रिटायर होऊनच उठायचं." ती हसते. गिळायच्या आधी मान जराशी पुढे काढते, ते तिचं तिला माहीत नाही. मी लहानपणापासून बघते आहे.

टिल्ली वर्षाची झाली तेव्हा घरात कुरकुर सुरू झाली. पोरगी गराशिवाय काही घेईना. वरणातला भाताचा कण लागला तरी ओकारी. केळं चमच्याने दाबून दिलं, ओकारी. दात होते, चावायचे ते फक्त आजीच्या पदराला. चालायला लागली, बोलायला लागली, "नको" तर स्पष्ट म्हणायची. पण अंगावर मांस धरेना.

एका संध्याकाळी लेकीचा आवाज जिन्यातून वर आला. बसमधला आवाज.

"आई, तिला काहीतरी घट्ट दे! सगळी मुलं खातात!"

"सगळ्यांच्या आज्या मी नाही."

"ती पाण्यावर जगणार का जन्मभर?"

"तू जगलीस."

"मी जगले! माझ्याकडे बघ, मी जेवते का? मी घाबरते, आई. प्रत्येक घासाला घाबरते. मला माहीत नाही कशाला!"

मग भांड्यावर भांडं आदळलं. मग काही नाही. त्या शांततेत मला गाळणीचा चेहरा दिसला, खाली न जाता.

दुसऱ्या दिवशी लेक माझ्या दारात. गणवेश घातलेला, तिकिटांचं मशीन गळ्यात. "मावशी, दवाखान्यात नेऊन आणा दोघींना. मला सुट्टी नाही. नर्सबाई जे सांगतील ते आई तुमच्यासमोर ऐकेल. नाहीतर पुढच्या सोमवारपासून टिल्ली डेपोच्या पाळणाघरात. मी सांगून ठेवलंय तिथे."

"आईला सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाली, 'ने.' आणि ओट्याकडे तोंड करून उभी राहिली." तिचा आवाज खाली आला. "मावशी, टिल्ली गेली तर ती त्या घरात एकटी राहील. त्याच्याबरोबर. तुम्हाला कळतंय ना मी काय म्हणते?"

कळत होतं. आणि पाळणाघर मीच भांडून मिळवलेलं. ज्या खोलीसाठी मी लाठ्या खाल्ल्या त्या खोलीला मी त्या दिवशी मनातून शिव्या घातल्या.

दवाखान्यात गर्दी होती. गाळणीने डब्यात गर आणलेला, फडक्यात गुंडाळून. नर्सबाई तरुण, बोलायला गोड, कामाला पटपट. टिल्लीला तोललं, तोंड उघडून पाहिलं, डब्यातला गर चमच्यावर घेऊन बघितला.

"आजी, हे केलंय मात्र सुरेख. सहा महिन्यांच्या बाळाला हे मी स्वतः लिहून दिलं असतं. पण हिला आता हे नको. जीभ काम करायची विसरते. मूल चावायला शिकतं ते चावायला मिळालं तर. आता काट्याने दाबायचं, बारीक गुठळ्या ठेवायच्या. मऊ, पण गुठळ्या."

"तिला ठसका लागतो," गाळणी म्हणाली.

"लागू दे. लागणारच. पहिल्या पहिल्यांदा उबळ येईल, तोंड लाल होईल, डोळ्यांत पाणी येईल. भयंकर दिसतं ते, पण तो घसा शिकतोय. खोकते आहे, आवाज येतोय, म्हणजे श्वास चालू आहे. आवाज आहे तोवर मूल स्वतःच बाहेर काढतंय. सरळ बसवायचं, जरा पुढे झुकवायचं, आणि खोकू द्यायचं. आवाज बंद झाला तरच आपण मध्ये पडायचं." तिने कपाटातून एक रबरी बाहुली काढली, हातावर पालथी घातली, पाठीवर तळव्याने कसं मारायचं ते दाखवलं. "आणि एक गोष्ट कधीच करायची नाही. तोंडात बोट घालायचं नाही. सगळे तेच करतात, घाबरून. दिसत नसलेला तुकडा बोटाने काढायला गेलं की तो आत ढकलला जातो. जो खोकून बाहेर आला असता तोच रुतून बसतो. समजलं ना आजी?"

आजी बाहुलीच्या तोंडाकडे बघत होती. बाहुलीचं तोंड म्हणजे नुसतं एक भोक होतं, रबराचं.

"आजी?"

"समजलं," ती म्हणाली.

वाटेत मी बोलत राहिले. नर्स कशी हुशार, काट्याने दाबणं कसं सोपं. ती टिल्लीला कडेवर घेऊन माझ्या एक पाऊल मागे. मी वळून पाहिलं तेव्हा तिचा उजवा हात पोरीपासून लांब धरलेला होता, ओल्या रंगाने माखलेला हात धरावा तसा. पोरीला तिने एका डाव्या हातावर पेललं होतं.

त्या दुपारी खर्र आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. लेकीने सकाळी करून ठेवलेली पातळ पेज तेवढी गाळणी दिवसभर टिल्लीला पाजत होती. बोलणं नाही, काऊ नाही, चिऊ नाही. "थांब रे" नाही. वर बसून मला तो गप्पपणा सोसेना. त्या बंद हॉलमधला गप्पपणा होता तो. मशिनं काढून घेतलेला.

शेवटी मी खाली गेले. टिल्ली झोपलेली. ही जमिनीवर भिंतीला टेकून बसलेली, नजर टेबलाखाली.

"काय आहे तिथे?" मी विचारलं. चिडूनच विचारलं. घाबरले की मी चिडते.

"त्याने आवाज केला होता," ती म्हणाली.

मी खाली बसले.

"खोकत होता तो. चांगला खोकत होता, जोरात. सगळ्या मशिनांतून मला ऐकू आला. ठेकेदार दारात उभा होता, पलीकडे तोंड करून. मला वाटलं, आता वळेल. मी खाली वाकले आणि बोट घातलं. काढायला घातलं की गप्प करायला, ते मला आजही सांगता येत नाही. लागला तो तुकडा माझ्या बोटाला. हे इथे. मग तो गप्प झाला." तिने बोट माझ्यासमोर धरलं. सुईने टोचून टोचून टोक राठ झालेलं बोट. "मग बघत राहिला माझ्याकडे. मी सगळ्यांना तेवढंच सांगितलं. तेही खरंच होतं ना? त्याच्या आधीचं सांगितलं नाही एवढंच. आणि मला वाटायचं, माझं बोट पोचलं नाही म्हणून गेला. थोडं उशिरा घातलं म्हणून. एवढी वर्षं मी तेच म्हणत होते, लवकर वाकायला हवं होतं. आणि ती नर्स पोरगी म्हणते..."

तिने ते बोट मुठीत मिटलं.

मग माझं तोंड सुटलं. "ठेकेदार! तो दारात नसता तर तू..."

"बोट त्याचं नव्हतं."

"भीती त्याची होती!"

"हो, होती. भीती त्याची, बोट माझं. वाटून घे तुला हवं तसं." ती थकून हसली. "तू भांडत राहा गं. तुझ्या भांडणाचा मला राग नाही. पण सोमवारी लेक पोरीला नेणार आहे, आणि मला ते बरंच वाटतंय. या हाताने मी आता तिला भरवू? तिला ठसका लागला तर हा हात जाणार. मी नाही म्हटलं तरी जाणार. मला माहीत आहे हा हात."

मी पुष्कळ लोकांना पुष्कळ गोष्टी समजावल्या आहेत. मालकांना, फौजदारांना, दारू प्यालेल्या नवऱ्यांना. इथे मीही टेबलाखाली बघत होते. काही नव्हतं. फरशी होती. पण बघत होते.

मग ती म्हणाली, "तुझ्या हातात जोर आहे अजून?"

"का?"

"माझे हात धरशील?"

मला वाटलं धीरासाठी म्हणते आहे. मी तिचा हात हातात घेतला. तिने झटकला.

"तसे नाही, बावळट. मनगटं धर. घट्ट. मी तिच्यापुढे वाटी ठेवते, ती खाईल. तिला ठसका लागला की मी सोडवून घ्यायला बघेन. शिव्या देईन. रडेन. तू सोडायचं नाहीस. आवाज बंद झाला तरच सोडायचं, तेव्हा पाठीवर मारायचं आहे. आवाज आहे तोवर नाही."

"आणि मला चुकलं तर? मला ऐकू नाही आलं तर?"

"मला येईल," ती म्हणाली. "ती शांतता मला कुणी सांगायला नको."

टिल्ली उठली. गाळणीने एक पिकलेली नाशपती वाफवली. ताटलीत काट्याने दाबली, गाळणीला हात न लावता. गुठळ्या दिसत होत्या, वाटाण्याहून लहान, तरी मला त्या दगडांएवढ्या वाटल्या. पोरीला खुर्चीत सरळ बसवलं, वाटी समोर ठेवली. मग ती खाली माझ्यापुढे बसली आणि मनगटं माझ्या हातात दिली.

टिल्लीने वाटीत बोट बुडवलं. चाखलं. पुन्हा बुडवलं. मग मूठभर उचलून तोंडात कोंबलं.

क्षणभर काही नाही. मग चेहरा वाकडा झाला. जीभ बाहेर आली, मान ताठ झाली आणि उबळ आली. घशातून घोगरा आवाज निघाला. गाळणीने हात ओढले. म्हातारीच्या अंगात एवढं बळ असेल असं मला वाटलं नव्हतं. "सोड!" ती म्हणाली. "सोड मला, रांडे, मरेल ती!" मी धरून ठेवलं. पोरगी लाल झाली, डोळ्यांतून पाणी, खोकला, परत खोकला. "खोकतेय," मी ओरडले, "खोकतेय गं, ऐक!" ती ऐकत नव्हती, माझ्या दंडाला चावली. हो, चावली. मी धरून ठेवलं.

आणि दार उघडलं. लेक. ड्यूटी लवकर सुटलेली. तिने काय पाहिलं असेल? मावशीने आईला जमिनीवर दाबून धरलंय, आई ओरडते आहे आणि खुर्चीत तिची पोर लालबुंद होऊन खोकते आहे. ती एका झेपेत खुर्चीपाशी, डाव्या हातात पोरीची हनुवटी, आणि उजव्या हाताचं बोट तोंडाकडे.

"बोट घालू नकोस!"

हा आवाज गाळणीचा होता. मी इतकी वर्षं तिच्याशेजारी बसले, तिच्या वरच्या मजल्यावर राहिले. असा आवाज मी तिचा ऐकला नव्हता. खिडकीखालून जाणारी माणसं थांबली. लेकीचं बोट हवेतच राहिलं.

"खोकू दे तिला! आवाज करू दे! बोट घालू नकोस, मी घातलं होतं!"

लेक तशीच उभी. टिल्लीने आणखी एक मोठा ठसका दिला, गुठळी तोंडातून बाहेर पडून हनुवटीवर आली. मग ती रडली. जोरात, खणखणीत, आईवर गेलेल्या आवाजात. रडून झाल्यावर तिने हनुवटीवरची गुठळी चिमटीत धरली, तिच्याकडे रागाने पाहिलं, आणि परत तोंडात घातली. जबडा हलला. एकदा वर, एकदा खाली. गिळली.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी मनगटं सोडली तेव्हा तिथे माझ्या बोटांचे वळ होते.

लेक आईपुढे बसली. गळ्यातलं मशीन अजून तसंच. "काय घातलं होतं, आई? कुणाला?"

गाळणीने सांगितलं. मला सांगितलं त्याहून कमी शब्दांत. मी उठून खिडकीशी गेले. हे दोघींचं होतं. लेक म्हणाली, "म्हणजे मी याला घाबरत होते." तिने आईचं ते बोट हातात घेतलं आणि नुसतं धरून ठेवलं. मिठी नाही, रडारड नाही. या घरातल्या बायका तशा नाहीत.

सोमवारी टिल्ली डेपोत गेली नाही. घरीच आहे. वजन हळूहळू येतं आहे, नर्सबाई खूश आहेत. फडकं धुऊन वाळत घातलं ते आता चष्मा पुसायला वापरतात. सफरचंद अजून घरात येत नाही. तेवढी तिला मोकळीक द्यायला हवी. टिल्ली जेवायला बसली की गाळणी समोर बसते आणि दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली दाबून ठेवते. म्हणून पोरगी आपल्या हाताने खायला शिकली. भरवणारं कुणी नव्हतंच. प्रत्येक ठसक्याला म्हातारीचे खांदे झटका खातात, जसं कुणी आतून दोरी ओढावी. मांडीखालून हात मात्र बाहेर येत नाही.

मी विचारलं तिला, परवा, जिन्यात. न राहवून विचारलं. "तो आहे का अजून?"

"आहे ना. जाईल कुठे?"

"बघतो तसाच?"

"नाही." ती कठड्याला धरून थांबली. "आता खोकतो. जेवायला बसलो की टेबलाखाली खोकत असतो. दिवसभर खोकतो कधी कधी."

"मग तू काय करतेस?"

"काय करणार? खोकू देते," ती म्हणाली, आणि पिशवीतल्या नाशपती दबू नयेत म्हणून पिशवी दुसऱ्या हातात घेऊन वर चढायला लागली.